मोठ्याने वाचलेली नावं

१८ नोव्हेंबर २०२५

राजपत्र हातात आलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्येच झाला होता. त्यातलं कलम ४४(३) आता लागू झालं आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच.

कालपरवापर्यंत वैयक्तिक माहिती नाकारायची तर जनमाहिती अधिकाऱ्याला विचार करावा लागे. या माहितीचा सार्वजनिक कामाशी काही संबंध आहे का? ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते का? होत असली, तरी व्यापक जनहितासाठी ती द्यायला हवी का? आता माहिती वैयक्तिक आहे एवढं लिहिलं की काम भागतं. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रकरणांचा आराखडा पुन्हा बघ. पण रागात लिहू नकोस."

२ डिसेंबर

१९९४ साली आजच्याच तारखेला राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी, मजदूर किसान शक्ती संघटनेची पहिली जनसुनावणी झाली. दिवसभर त्याबद्दलच वाचत बसले. विकासकामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्या कामावर कधी पाऊलही ठेवलं नाही, तिथे आपलं नाव लागलंय आणि मजुरीही उचलली गेलीय, हे माणसं आपल्या कानांनी ऐकत होती. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या माहिती अधिकाराच्या मागणीचा २००५ साली देशाचा कायदा झाला.

हजेरीपटावर असतं काय? नाव, दिवस, मजुरी, अंगठा. सगळी वैयक्तिक माहिती. ती झाकली असती तर कोट किरान्यात वाचायला उरलं काय असतं? रोजगार हमीच्या कामांवर गेलेल्या मराठवाड्यातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मस्टरवर कुणाचं नाव चढतं आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, हे त्या पुरतं जाणून आहेत.

२० डिसेंबर

सरांनी आज मला उलट बाजूने उभं केलं. "नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक बाई आश्रयगृहात आलीय. नवरा माहिती अधिकारात तिचा पत्ता मागतो. देशील?" नाही देणार, सर. "मग खासगीपणाच्या हक्काला शत्रू समजून प्रबंध लिहिता येणार नाही." खरं आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, ते मला मनापासून पटतं. त्याच निकालाने या हक्कावर येणारं बंधन प्रमाणात हवं असंही बजावलंय, म्हणजे दोन्ही बाजू तोलून बघणं आलंच.

संध्याकाळी गिरीश देशपांडे खटल्याचा २०१२ चा निकाल पुन्हा वाचला. प्रकरण आपल्या अकोल्याचं. भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, त्याची मालमत्ता, अगदी मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तू, एवढं सगळं अर्जदाराने मागितलं होतं. भेटवस्तूंची यादी आणि कारणे दाखवा नोटीस यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. नोटीस ही सरकारी खुर्चीत बसून केलेल्या कामाबद्दलची. सर्वोच्च न्यायालयाने मात्र दोन्ही वैयक्तिकच्याच खात्यात टाकलं. निकाल छोटा, पण त्याचा दाखला देऊन नाकारलेल्या अर्जांचा माझ्याकडे गठ्ठा झालाय. तरीही त्यात जनहिताचं दार किलकिलं होतं.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा मसुदाही काढला. त्यांनीही हे कलम बदलायचं सुचवलं होतं, पण माहिती दिल्याने होणारं नुकसान जनहितापेक्षा मोठं ठरलं तरच नकार द्यावा, अशी अट घालून. मसुद्यातला तराजू कायद्यात आलाच नाही. प्रबंधाचा कणा हाच.

९ जानेवारी २०२६

तालुक्याच्या गावी गेले होते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका भेटले. कापडी पिशवीत अर्ज, पोचपावत्या, कोर्ट फी स्टॅम्प लावलेली जोडपत्रं, सगळं सालवार लावलेलं. गावातल्या घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावं आणि हप्त्यांच्या तारखा त्यांनी मागितल्या होत्या. अर्ज सुवाच्य अक्षरात, महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर एका ओळीचं : माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

"ताई, माझ्या शेजारणीचं नाव यादीत आहे आणि ती अजून पत्र्याखाली राहते. तिचंच नाव तिच्यापासून लपवतात का?"

"काका, अपील करू," म्हटलं. ओसरीवर बसूनच जोडपत्र 'ब' भरलं, वीस रुपयांचा स्टॅम्प लावला. शेजारीण मावशी येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं, त्यांचं नाव खुशाल चावडीवर वाचा. या एका वाक्याची नोंद मी वेगळ्या पानावर केली. ज्याची माहिती आहे त्यालाच ती उघड करायची असेल, तर खासगीपणाच्या नावाने ती अडवायचा हक्क कचेरीला कुठून मिळतो?

२४ फेब्रुवारी

पहिलं अपील फेटाळलं. आदेशात जनहिताचा उल्लेखसुद्धा नाही. सरकार म्हणतं, कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. हो, येते. पण मागणाऱ्याने त्याची आठवण करून दिल्याशिवाय कचेरी त्या कलमाकडे वळत नाही, हे हातातल्या आदेशातच दिसतंय. माझं तिसरं प्रकरण यावरच उभं राहील.

काकांना फोन केला. राज्य माहिती आयोगाकडे जायला नव्वद दिवस आहेत, थांबायचं कारण नाही. रात्री मसुदा लिहून पाठवला. पहिला मुद्दा : कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची, अर्जदाराची नव्हे. दुसरा : कलम ८(२) चा विचार झाला का, झाला असेल तर कुणी, कधी, कोणत्या कारणाने, हे आदेशात नाही. तिसरा : सोबत लाभार्थी महिलेचं स्वतःचं संमतीपत्र, सहीनिशी.