वर्गणीची वही

वर्गणी हा शब्द कानी पडताच समोरच्या गृहस्थांच्या मुद्रेत जो पालट होतो, तो ज्यांनी एकदा तरी वही काखोटीस मारून परक्या घराची पायरी चढली आहे त्यांसच ठाऊक. आतापर्यंत हसतमुख असलेले यजमान एकाएकी घड्याळाकडे पाहू लागतात, आतून यावयाचा चहा वाटेतच कोठेतरी अडतो, आणि महागाईचा विषय निघतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही असे पुष्कळ चहा गमावले. परंतु त्या निमित्ताने जे पाहावयास व ऐकावयास मिळाले, ते आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानावर घालावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

ज्या शाळेसाठी ही वही निघाली ती आपली शाळा नव्हे. संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या चढणीवर वसलेल्या एका धनगरवाडीची ती शाळा. वाडीचे नाव आम्ही येथे देत नाही; कारण तेथील माणसांनी साहाय्य मागितले आहे, प्रसिद्धी मागितलेली नाही. एक खोली, दोन शिक्षक आणि पटावर सतरा मुले. त्यांपैकी अकरा मुली. आईबाप गुरे राखतात, खाली गावात दूध घालतात, आणि उन्हाळ्यात चिरेखाणीवर किंवा आंब्याच्या बागांतून मजुरीस जातात. दोन वर्षांपूर्वी आपल्या नववीच्या वर्गाची सहल तिकडे गेली असता मुलांनी ती खोली पाहिली. वाशांना वाळवी लागलेली, कौले सरकलेली, आणि ज्या कोपऱ्यात पाणी कमी गळते त्या कोपऱ्यात साऱ्या इयत्ता दाटीवाटीने बसलेल्या! परतीच्या वाटेवर आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात एक डबा दिसला, व त्यास वरून भोक पाडलेले होते.

कोणी म्हणेल, वाडीवरच्या मुलांनी खालच्या गावातील शाळेत जावे. ती शाळा साडेतीन किलोमीटरांवर आहे, आणि मध्ये एक पऱ्या आहे. ज्या जिल्ह्यात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे पऱ्या म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. श्रावणात त्यावरील साकव राहील की जाईल, याचा भरवसा नसतो. २००९ साली झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी. कायदा मुलांच्या बाजूचा आहे. पण पट घसरला की शाळेच्या अस्तित्वाचाच प्रश्न निघतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात, असा विचार राज्य सरकारने पुढे मांडला, तेव्हा आमच्या जिल्ह्यातील कितीतरी वाड्यांचा जीव टांगणीस लागला. छप्पर गळते म्हणून चार मुले कमी झाली, चार मुले कमी झाली म्हणून शाळा उठली, आणि शाळा उठली म्हणून मुली गुरांमागे गेल्या, असा तो उतार आहे. त्या अकरा मुलींपैकी कितीजणी पऱ्या ओलांडून रोज खाली जातील, असे आम्ही एका आईस विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगा जाईल. पोरीला कोन धाडनार?"

अंदाजपत्रक झाले ते २,१०,००० रुपयांचे. त्यात खोलीचे छप्पर, आणि माध्यान्हीचे अन्न शिजविण्यासाठी व जेवावयास बसण्यासाठी एक पडवी. पैसे मागावयाचे कोणाकडे?

प्रथम मनात आल्या त्या मोठ्या कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी निदान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामावर खर्चावी, असा नियम आहे. आणि शिक्षण हे त्या कामांत मोडते. आम्ही कागदपत्रांची जुडी करून मुंबईस एका कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेथील तरुण अधिकारी फार सभ्य होते. त्यांनी सर्व कागद वाचले आणि एकच प्रश्न केला, "लाभार्थी किती?" आम्ही म्हणालो, "सतरा." ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी हिशेब करून दाखविला. याच पैशात पाचशे मुलांच्या शाळेचे काम केले तर दर मुलामागे ४२० रुपये पडतात. येथे बारा हजारांहून अधिक पडतात. वरिष्ठांस ते कसे पटवावयाचे? त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. मात्र या हिशेबाने जावयाचे तर डोंगरावरच्या शाळेस कधीच पैसा मिळावयाचा नाही. कारण ती डोंगरावर आहे, म्हणूनच तिच्यात सतरा मुले आहेत.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्हांस आठवण झाली ती आपल्याच जिल्ह्याच्या एका थोर पुरुषाची. धोंडो केशव कर्वे यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस स्त्रीशिक्षणामुळे ठाऊक आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा, खेड तालुक्यातील शेरवलीचा. गाव दापोली तालुक्यातील मुरूड. सतरा वर्षांचे असताना मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते मुरूडाहून साताऱ्यास पायी गेले. वाट सुमारे ११० मैलांची, कुंभार्ली घाटातून. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही! ज्याने हे सोसले तो पुढे परीक्षेचा नाद सोडता तर कोणी त्यास दोष दिला नसता. त्यांनी मुंबईस रॉबर्ट मनी स्कूल या मिशनच्या शाळेतून १८८१ साली मॅट्रिकची परीक्षा दिली, १८८४ साली ते पदवीधर झाले, आणि मिळवते होताच मुरूडच्या मुंबईकर मंडळींसह गावाच्या कामासाठी मुरूड फंड काढला.

कर्व्यांच्या आयुष्यातील देणग्यांचा विचार केला की दोन टोके दिसतात. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपये देऊ केले, व त्या विद्यापीठास सर विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. सामान्य मनुष्य अशा देणगीनंतर निवांत बसला असता. कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे शाळा काढावयाची, हा त्याचा हेतू. स्वतःच्या ७० रुपयांच्या निवृत्तिवेतनातून महिना १५ रुपये त्यांनी या कामास लावले, आणि पुण्याच्या रस्त्यांतून पायी हिंडून घरोघरी लहानसहान वर्गण्या गोळा केल्या. ज्यांच्या शब्दावर लक्षावधी रुपये उभे राहिले होते, ते वृद्ध गृहस्थ किरकोळ नाण्यांसाठी जिने चढत होते. याचे कारण आम्हांस असे दिसते की, विद्यापीठास मोठा दाता मिळू शकतो, खेड्यातील एकशिक्षकी शाळेस तो मिळत नाही. तिचा संसार चिल्लरीवरच चालावयाचा.

पैशाअभावी आमच्या जिल्ह्याने काय गमावले, त्याचेही एक उदाहरण देण्याजोगे आहे. पालगडचा एक हुशार मुलगा दापोलीस मिशनच्या शाळेत शिकत होता. घरची गरिबी आड येऊ लागली, तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावरून तो कोकण सोडून तिकडे गेला. तो मुलगा म्हणजे साने गुरुजी. ते निघून गेले तरी शिकले. परंतु जे निघून जाऊ शकत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आम्ही चिल्लरीस लागलो. आंब्याचे एक व्यापारी म्हणाले, "मास्तर, आता मोहोर आहे, पैसा झाडावर आहे, वैशाखात या." आम्ही वैशाखात गेलो, आणि त्यांनी न सांगता १५,००० रुपये काढून ठेवलेले होते. खालच्या गावातील चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाने गणपतीच्या सुटीत सभा भरवून ४०,००० रुपये दिले. मुरूड फंडाचे हे आजचे वंशज होत, असे आम्ही त्यांस सांगितले, तेव्हा त्यांस आनंद वाटला. आपल्या विद्यार्थ्यांच्या डब्यांतून २१,३४० रुपये निघाले. पाचवीच्या डब्यात नाण्यांबरोबर सदऱ्याच्या दोन गुंड्याही होत्या. त्या जमेस धरलेल्या नाहीत.

एक दाते मात्र विचारात पाडणारे भेटले. ते सर्व २,१०,००० रुपये एकरकमी देण्यास सिद्ध होते. अटी दोन. भिंतीवर त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावाची शिळा बसवावी, आणि समारंभाच्या दिवशी वाडीच्या मुलांनी रांगेत उभे राहून त्यांच्या हातून वह्या स्वीकाराव्यात व त्याची छायाचित्रे घ्यावीत. शिळेस आमची हरकत नव्हती. आईबापांचे नाव राहावे ही इच्छा वाईट नव्हे, हे वर सांगितलेच आहे. रांगेस मात्र आम्ही नम्रपणे नकार दिला. सतरा मुलांनी आपले दारिद्र्य एका सकाळपुरते अंगावर घालून उभे राहावे, हा छपराचा मोबदला आम्हांस फार वाटला. त्यांनी ७५,००० रुपये दिले व शिळाही बसली. उरलेले १,३५,००० रुपये आपल्या हट्टापायी गेले असे आमचे एक सहकारी अजून म्हणतात, आणि त्यांस समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही.

आणखी एका पालकांचा आक्षेप येथे नमूद करणे प्राप्त आहे. ते म्हणाले, "शाळा सरकारी, कर आम्ही भरतो, मग वर्गणी कशाची?" हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी रास्त वाटतो. कर्वे यांनीही बोर्डाची शाळा असेल तेथे आपली शाळा काढली नाही. म्हणून वर्गणीच्या वहीबरोबर आम्ही अर्जांची एक फाईलही ठेवली आहे. संबंधित कचेरीकडे आजवर सहा अर्ज गेले. प्रस्ताव वर पाठविला आहे, असे उत्तर दोनदा आले. पावसाळे मात्र तेवढ्या काळात दोन येऊन गेले. ज्यांस वर्गणी देणे पटत नाही, त्यांनी सातव्या अर्जावर सही करावी, अशी आमची विनंती आहे. उपरोक्त पालकांनी ती केली, आणि मग हसून शंभर रुपयेही दिले. अशा लहान वर्गण्यांचे मिळून १८,५१० रुपये झाले.

पैसे हाती आले तेव्हा आम्ही ते स्वतः खर्च केले नाहीत. वरील कायद्यान्वये अशा प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वाडीच्या समितीच्या अध्यक्षा एक धनगर बाई आहेत. कौले घालावी की पत्रे, यावर समितीत वाद झाला. गुरुजींचे म्हणणे पत्र्याचे होते, कारण कौलांवर माकडे नाचतात व ती फोडतात. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "पत्र्यावर पाऊस नाचतो. माकडांना हाकलता येतं." ठराव कौलांचा झाला, आणि ज्याने पत्र्याखाली आषाढात एक तास शिकविले आहे, तो या निर्णयास नावे ठेवणार नाही.

गाडीरस्ता वाडीच्या खालीच संपतो. कंत्राटदाराने चढणीवरील वाहतूक अंदाजपत्रकात धरलीच नव्हती, हे कौले खाली येऊन पडल्यावर ध्यानात आले. वाडीच्या बायकांनी ती डोकीवरून वर नेली. एका खेपेस आठ कौले, खेप चाळीस मिनिटांची. आपले नववीचे (आता दहावीचे) विद्यार्थीही दोन रविवार गेले. त्यांस चार कौलांनी घाम फुटला हे त्यांनीच आम्हांस प्रांजळपणे सांगितले.

त्या दुसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या बाईने वही कोणाकडे आहे म्हणून विचारले. तिचे नातवंड त्या शाळेत नव्हते. तिने दोन पायल्या नाचणी आणून ओतली. वही सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न पडला की, हे लिहावे कसे? एकाने सुचविले, बाजारभावाने रुपये करून लिहावे, म्हणजे बेरीज जुळेल. दुसरा म्हणाला, तिने रुपये दिलेले नाहीत. बराच खल होऊन शेवटी रुपयांच्या रकान्यात रेघ ओढली गेली आणि नावापुढे "नाचणी, दोन पायल्या" असे लिहिले गेले. नाचणी मुलांच्या जेवणात खर्ची पडली. आमचे हिशेबतपासनीस त्या ओळीपाशी थांबले, काही न बोलता त्यांनी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

जमा झालेली एकंदर रक्कम १,६९,८५० रुपये. छप्पर मेअखेर पुरे झाले, व पहिला पाऊस बाहेरच पडला. पट या वर्षी एकोणीस आहे. दोन मुली, ज्यांची नावे गेल्या वर्षी घालावयाची राहिली होती, त्या आल्या. पडवीचे काम मात्र थांबलेले आहे. मुले अजून वर्गातच जेवतात, आणि चूल बाहेर ताडपत्रीखाली पेटते. वारा फिरला की पेटत नाही. तिच्यासाठी ४०,१५० रुपये हवे आहेत. चिरे चढणीवरून वर न्यावयाचे असल्याने दिवाळीनंतर, वाट सुकल्यावर, काम सुरू करावे असे समितीने ठरविले आहे. वही शाळेच्या कार्यालयात आहे. अर्जांची फाईलही तिच्या शेजारीच आहे.