तोत्सुकाचे मैदान

शाळेत वर्ग अपुरे पडू लागले की वडीलधाऱ्यांची दृष्टी प्रथम मैदानाकडे वळते. मुख्याध्यापक म्हणून मी हे अनेक वर्षे पाहिले. खोली नसली तर काय अडते, हे सर्वांना सांगता येते; मैदान नसले तर काय अडते, हे मात्र चटकन शब्दांत मांडता येत नाही. त्यामुळेच की काय, देशोदेशीच्या विद्यालयांच्या मैदानांचे वृत्तांत वाचण्याचा मला छंद जडला. त्यांपैकी एका मैदानाची हकीकत मनात कायमची घर करून राहिली आहे. ते मैदान जपानची राजधानी टोकियो येथील वासेदा विद्यापीठाचे. त्याचे नाव तोत्सुका.

तेथे बेसबॉल खेळत. हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा. नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ असतात. चेंडू टोलवून चौकोनाच्या कोपऱ्यांवरील तळ एकामागून एक गाठावे आणि पुन्हा स्वस्थानी यावे, की एक धाव पदरात पडते. अमेरिकेतून आलेल्या या खेळाने जपानी विद्यार्थ्यांना अक्षरशः वेड लावले होते.

वासेदाचा संघ १९०१ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी हे मैदान सिद्ध झाले. संघाचे प्रमुख होते प्राध्यापक इसो आबे. वृत्तीने सौम्य, विचाराने समाजवादी आणि युद्धाचे कट्टर विरोधक. १९०५ साली रशियाशी युद्ध चालू असतानाच हे गृहस्थ विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेस खेळावयास गेले! तेथे त्यांनी सव्वीस सामने खेळले. सात जिंकले, एकोणीस हरले. आकडे ऐकून तुम्हांला हसू येईल. परंतु हरता हरता त्या मुलांनी खेळातील जी नवी कौशल्ये आत्मसात केली, ती पुढे जपानभर पसरली.

वासेदाचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे केइओ विद्यापीठ. त्यांचा पहिला सामना १९०३ साली झाला. १९०६ साली दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांचा उन्माद इतका वाढला, की निर्णायक सामना रद्द करावा लागला आणि पुढे एकोणीस वर्षे हे दोन संघ परस्परांशी खेळलेच नाहीत. प्रेक्षकांच्या अतिरेकापायी खेळाडूंच्या कित्येक पिढ्या उपाशी राहिल्या, याला काय म्हणावे? १९२५ साली तो अबोला सुटला, तोही याच मैदानावर. १९३३ साली येथे दिव्यांच्या प्रकाशात जपानमधील पहिला रात्रीचा सामना झाला.

मग महायुद्ध आले. बेसबॉल हा शत्रूचा खेळ ठरला. १९४३ च्या एप्रिलमध्ये सरकारी आदेशाने विद्यापीठांची बेसबॉल-स्पर्धा बंद पडली. त्याच वर्षी शरद ऋतूत सरकारने कला, कायदा इत्यादी शाखांच्या विद्यार्थ्यांची लष्करी सेवेतील सवलत काढून घेतली. वह्या-पुस्तके मिटून रणांगणावर जाण्याची पाळी आली. जाण्यापूर्वी एकदा वासेदाशी खेळावे, एवढीच केइओच्या मुलांची इच्छा होती.

केइओचे अध्यक्ष शिन्झो कोइझुमी यांनी ती उचलून धरली. त्यांचा एकुलता एक मुलगा नौदलात होता; तो वर्षभरापूर्वीच युद्धात कामी आला होता. इतरांच्या मुलांना निरोप देताना त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वासेदाचे अधिकारी मात्र अनुमती देण्यास कचरत होते. बाहेरून विमानहल्ल्याचे भय आणि आत सरकारची अवकृपा! अखेर वासेदाच्या संघाचे वृद्ध मार्गदर्शक सुइशू तोबिता यांनी विद्यापीठाच्या पाठिंब्यावाचून संघातर्फे सामना घडवून आणला. तोबिता सरावात इतके कठोर होते, की मुले त्यांच्यापुढे चळचळ कापत. त्या दिवशी ते त्याच मुलांच्या पाठीशी उभे राहिले.

१६ ऑक्टोबर १९४३ रोजी तोत्सुकाचे मैदान विद्यार्थ्यांनी फुलून गेले. कोइझुमींसाठी मानाचे आसन राखून ठेवले होते. ते त्यांनी नम्रपणे नाकारले आणि ते आपल्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत जाऊन बसले. वासेदाने दहा विरुद्ध एक असा विजय मिळविला. पण सामना संपल्यावर जिंकणारे व हरणारे असा भेद उरला नाही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी परस्परांच्या विद्यापीठांची गीते गायिली. पाचच दिवसांनी भर पावसात, खांद्यावर बंदुका घेऊन, राजधानीतील हजारो विद्यार्थ्यांनी निरोपाचे संचलन केले. त्या सामन्यातील काही खेळाडू युद्धावरून परतले नाहीत.

आबे १९४९ साली वारले आणि मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. १९८७ साली ते बंद झाले. त्या जागेवर उभारलेले विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय १९९१ साली उघडले. ग्रंथालयाविषयी तक्रार करणे माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला शोभणार नाही. तरी ते वाचताना मी क्षणभर पुस्तक मिटून बसलो, हे खरे. ग्रंथालयाजवळ आबे आणि तोबिता यांचे अर्धपुतळे आहेत. संघ आता टोकियोच्या पश्चिमेस हिगाशी-फुशिमी येथे सराव करतो, आणि त्या मैदानालाही आबेंचेच नाव आहे.