ऐरणीवरचं देऊळ

अमेरिकेतल्या एका चर्चच्या चिन्हात क्रुसासोबत ऐरण दिसली आणि नजर तिथेच अडली. क्रुसाशेजारी कोकरू पाहिलं होतं, कबुतर पाहिलं होतं. ऐरण कधीच नाही.

फिलाडेल्फियात सहावा रस्ता आणि लोंबार्ड स्ट्रीट मिळतात तिथे त्याच चर्चचं ‘मदर बेथेल’ उभं आहे. भरभक्कम दगडी, मनोऱ्याचं. 1889-90 सालची ही इमारत त्या जागेवरची चौथी. पहिली म्हणजे एक जुनी लोहारसाळ. रिचर्ड ॲलनने ती विकत घेतली, ओढून आपल्या जमिनीवर आणली, सुतार लावले. 1794च्या जुलैत बिशप ॲसबरींच्या हस्ते तिचं देऊळ झालं. मला मनोऱ्यापेक्षा ती साळच जास्त प्रिय आहे.

ॲलन 1760चा, जन्माने गुलाम. लाकडं तोडून, वीटभट्टीवर राबून, मिठाची गाडी हाकून त्याने मालकाच्या हातावर स्वतःचीच किंमत ठेवली. पुढे सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये तो प्रवचनं देऊ लागला, तशी काळ्या माणसांची गर्दी वाढली. तिथे नवा सज्जा बांधला, त्याला या माणसांनीही पैसे दिले होते. एका रविवारी दारातच त्यांना सांगितलं, वर सज्ज्यात जा. ते गेले. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी गुडघे टेकले. तेवढ्यात झटापट ऐकू आली. ॲलनने मान वर केली, तर एक विश्वस्त ॲलनच्या साथीदाराला, ॲब्सलम जोन्सला, ओढून उठवत होता: इथे गुडघे टेकायचे नाहीत. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. विश्वस्ताने मदतीला आणखी एकाला बोलावलं. प्रार्थना संपली, आणि ती सगळी माणसं एकदम उठून बाहेर पडली. देवाशी बोलणं पुरं करूनच उठली, हे मला त्या बाहेर पडण्याइतकंच मोठं वाटतं.

जोन्स दुसऱ्या पंथात गेला. ॲलन मेथडिस्टच राहिला. साधं, काळजातून येणारं प्रवचन त्याला तिथेच भेटलं होतं. पुढे त्याने उभारलेल्या लोहारसाळीच्या देवळावर गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी हक्क सांगितला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि 1816 साली बेथेल जिंकलं. त्याच वर्षी स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं, ॲलन त्याचा पहिला बिशप.

जरीना ली या बाईने प्रवचनाची परवानगी मागितली, तेव्हा याच ॲलनने आधी नकार दिला होता. काही वर्षांनी बेथेलमध्ये प्रवचनकार बोलता बोलता अडखळला, आणि ती जागची उठून बोलू लागली. ॲलनने ऐकलं आणि तिला मान्यता दिली. सज्जा कुणासाठी बांधला जातो, हे त्याला ठाऊक होतं.

जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकी लोकांना. ती अर्पणपत्रिका वाचताना आता मला या लोहारसाळीतली माणसंही त्यांत उभी दिसतात.

फिलाडेल्फियाला गेलात तर लिबर्टी बेल पाहालच. तिथून त्याच सहाव्या रस्त्याने थोडं दक्षिणेकडे चाला. ॲलनची समाधी बेथेलच्या तळघरात आहे, आणि ती जमीन आजही त्याच्याच माणसांची आहे.