जमीन, जवस आणि चिंध्या

पुढच्या खोलीची लाकडी जमीन नव्याने करायची म्हटल्यावर फिलाडेल्फियातल्या आमच्या झाडून सगळ्या मराठी मंडळींनी एकच सल्ला दिला: "चकाचक करून घ्या." हे चकाचक आता माझ्या डोक्यात गेलंय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स बसवून त्यांवरून घसरणारी आपली माणसंच शंभर वर्षांच्या जुन्या ओकवर ग्लॉस मागतात! तिरका उजेड पडला की ग्लॉसवरचा एकूण एक ओरखडा दिसतो. सॅटिनवरही ओरखडे उठतातच, फक्त ते चुगली करत नाहीत.

पण चकाकी हा नंतरचा प्रश्न. गालिचा उपटला तेव्हा खाली ओकच्या पट्ट्या निघाल्या, कडेने अक्रोडाची गडद किनार. इथल्या जुन्या रो-हाउसमधून हे बरंच सापडतं. पट्ट्या जेमतेम आठ मिलिमीटर जाडीच्या, वरून खिळे ठोकून बसवलेल्या. त्यांवर पुन्हापुन्हा सँडिंगचं मशीन फिरवण्याइतकं लाकूडच नाही. तेव्हा आता जे लावू ते पुढे मशीनशिवाय दुरुस्त होणारं हवं.

कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकला तर जुना थर चिकट झाला, म्हणजे तो चपडा. आपल्याकडे पळसावर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची ही लाख एके काळी अमेरिकेतल्या घरोघरच्या जमिनींवर चढायची. दिसते देखणी, पण ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. पुढे पॉलियुरेथेनने तिला हुसकावलं. त्याचे दोन प्रकार. तेलातलं मधासारखा रंग देतं, वर्षागणिक पिवळं पडतं आणि त्याच्या वासाने घर सोडून जावंसं वाटतं. पाण्यातलं दोन-चार तासांत वाळतं, वास बेताचा, रंग जवळजवळ नाहीच. तिसरा मार्ग तेल-मेणाचा: ते लाकडात मुरतं, वर जाड थर धरत नाही.

पॉलियुरेथेन म्हणजे नॉनस्टिक तवा आणि तेल म्हणजे बिडाचा. नॉनस्टिक पहिल्या दिवसापासून गुणी, काही मागत नाही. पण मधोमध खरवडला गेला की तेवढ्याच जागेला ठिगळ लावता येत नाही. बिडाच्या तव्यावरची पहिली चार घावनं तव्यालाच वाहावी लागतात, तो भिजत ठेवला की रुसतो, पाहुण्याने साबणाने घासला की आपण रुसतो. मात्र बिघडला तर पुसा, तेलाचं बोट फिरवा, तापवा, झालं. आणि हे नुसतं दिसायला सारखं नाही. तव्यावरचं काळं कवच आणि जमिनीत मुरून घट्ट झालेलं जवसाचं तेल, दोन्हीकडे तेलाचे रेणूच एकमेकांना धरून बसलेले असतात. नवरा म्हणतो, तव्याचं आता पुरे.

ज्यांच्याकडे कुत्रा आहे किंवा घर भाड्याने द्यायचंय, त्यांनी खुशाल पॉलियुरेथेन लावावं. झिजून लाकूड उघडं पडायच्या आत वरवर घासून नवा हात दिला तर तेही पुष्कळ टिकतं. असं वेळेवर करणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही, एवढंच.

आईचा फोनवर वेगळाच प्रश्न: "अगं, पण बादलीभर पाण्याने पुसता येईल ना?" नाही येणार. काहीही लावलं तरी फटींतून पाणी शिरतं आणि पट्ट्यांच्या कडा उचलल्या जातात. हिवाळ्यात हीटिंगने लाकूड आकसतं, तेव्हा तर फटी आणखी रुंद. पिळून घट्ट केलेलं फडकं, बस्स. चपला दाराशी काढायची आपली सवय मात्र इथे फार कामाची, कारण जमीन खाते ती बुटांखालची रेती.

आता तेल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. जमिनीवर ती उडून जाते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की ती आतच कोंडते, आणि काडी न लावता बोळा पेट घेतो. ही ऐकीव भीती नव्हे. सिटी हॉलसमोर वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत होती. 23 फेब्रुवारी 1991 ला बाविसाव्या मजल्यावर, लाकूडकाम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या अशाच चिंध्यांतून आग लागली. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. आग वर चढत गेली ती तिसाव्या मजल्यावरच्या स्प्रिंकलर्सनी अडवली. इमारत पुन्हा वापरात आलीच नाही. पुढे ती उतरवली.

तेव्हा चिंध्या उघड्यावर एकेक पसरून कडक वाळू द्याव्यात, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं. घराच्या आत, कचऱ्याच्या पिशवीत मुळीच नाही. आमच्याकडे डबा आलाय, तेल यायचंय. स्वयंपाकघरात मात्र पाण्यातलं पॉलियुरेथेनच लावणार, सॅटिन. फोडणीतल्या हळदीशी वाद घालायची माझी तयारी नाही.