शिकागोचा मुक्काम आणि झाकलेली बोली

शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या बाजूने जाणाऱ्या मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटची दगडी वास्तू उभी आहे. ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात याच वास्तूत सर्वधर्मपरिषद भरली होती. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ती परिषद भारतीयांच्या स्मरणात राहिली. जैन समाजासाठी तिच्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे. सौराष्ट्रातील महुवा गावचे वीरचंद राघवजी गांधी हे आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांच्या वतीने तेथे उपस्थित राहिले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांनी जैन तत्त्वज्ञानाचा परिचय करून दिला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २९ वर्षांचे होते.

या वास्तूपासून वायव्येस सुमारे ५५ किलोमीटरवर बार्टलेट नावाचे उपनगर आहे. तेथील शिखरबद्ध जैन मंदिराची प्रतिष्ठा १९९३ मध्ये, म्हणजे परिषदेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी झाली. मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेले महाराष्ट्रातील अनेक श्रावक-श्राविका शिकागोला जातात, तेव्हा त्यांना ही दोन्ही स्थळे पाहावयाची असतात. युनियन स्टेशनवरून मेट्राची उपनगरी रेल्वे बार्टलेटला जाते. मात्र स्टेशनापासून मंदिरापर्यंत पुन्हा वाहन लागते. त्यामुळे सरोवराकाठी राहावे, ओहेअर विमानतळाजवळ राहावे, की मंदिराच्या बाजूच्या शॉमबर्गसारख्या उपनगरात, हा प्रश्न प्रवास ठरतानाच उभा राहतो. येथे आपल्या तीर्थक्षेत्रांसारखी ठरावीक दराची धर्मशाळा नाही. मुक्काम हॉटेलातच करावयाचा असतो आणि हॉटेलांचे दर रोज बदलतात.

ते इतके का बदलतात, हे ध्यानात घेतले की पुढचा सारा व्यवहार उलगडतो. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. मॅककॉर्मिक प्लेस या विशाल प्रदर्शन संकुलात मे महिन्यात उपाहारगृह व्यवसायाचे प्रदर्शन भरते, नोव्हेंबरच्या अखेरीस क्ष-किरणतज्ज्ञांचे अधिवेशन होते, उन्हाळ्यात ग्रँट पार्कमध्ये मोठा संगीत महोत्सव असतो. त्या दिवसांत शहरातील खोल्यांचे दर गगनाला भिडतात. जानेवारी-फेब्रुवारीत सरोवरावरून हाडे गोठवणारा वारा वाहू लागला की त्याच खोल्या ओस पडतात. रिकाम्या खोल्या पडेल दरात विकाव्यात तर पूर्ण दर देणारे ग्राहकही तोच दर मागू लागतील आणि नामांकित हॉटेलची पत उतरेल, ही मालकांची अडचण असते. खोली विकली जावी, पण कोणत्या हॉटेलने ती स्वस्तात दिली हे जाहीर होऊ नये, अशी काही युक्ती त्यांना हवी होती.

ती युक्ती १९९८ मध्ये जे वॉकर यांच्या प्राइसलाइन या कंपनीने बाजारात आणली. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात सुरू झालेल्या या कंपनीचे तत्त्व सोपे होते : दर दुकानदाराने सांगावयाचा नाही, गिऱ्हाइकाने सांगावयाचा. आरंभ विमानाच्या तिकिटांनी झाला आणि त्याच वर्षी हॉटेलच्या खोल्याही त्यात आल्या. प्रवाशाने शहर, तारखा, शहराच्या नकाशावरील विभाग आणि तारांकित दर्जा निवडावा, एका रात्रीसाठी आपण किती डॉलर देऊ ते लिहावे आणि क्रेडिट कार्डाचा तपशील द्यावा. त्या विभागातील, त्या दर्जाच्या एखाद्या हॉटेलने गुप्तपणे कळवलेला दर बोलीच्या आत असेल तर बोली मंजूर होई. पैसे तत्क्षणी वळते होत आणि त्यानंतरच हॉटेलचे नाव कळे. तारीख बदलणे नाही, रद्द करणे नाही, पैसे परत नाहीत.

बोली हा शब्द जैन वाचकाला परका नाही. पर्युषणात किंवा पंचकल्याणक महोत्सवात आरती, अभिषेक, इंद्रपद यांच्या बोली होतात. दक्षिण महाराष्ट्रात त्यांना सवाल म्हणतात, तर कोठे अजूनही मणभर तुपाच्या हिशेबाने आकडा पुकारला जातो. तेथे सारे उघड असते. शेजारच्याचा आकडा ऐकू येतो, रक्कम चढत जाते, आणि ज्याची बोली सर्वांत मोठी तो आनंदाने पैसे देतो, कारण ते धर्मकार्यास लागतात. शिकागोच्या खोलीची बोली याच्या नेमकी उलट होती. समोर कोणी प्रतिस्पर्धी दिसत नसे. असे ते केवळ हॉटेलच्या मनातील, पडद्याआडचे एक किमान मूल्य. ते ६० डॉलर असेल आणि प्रवाशाने ८० लिहिले, तर मधले २० डॉलर कंपनीकडे राहत आणि प्रवाशाला ते कधीच कळत नसे. मंदिरातील बोलीत थोडे अधिक दिल्याचे समाधान असते. येथे ते अधिक निव्वळ अज्ञानापोटी जाई.

हे अज्ञान कमी करण्यासाठी मुरलेल्या प्रवाशांनी काही रीती बसवल्या. पहिली रीत म्हणजे आधी उघड बाजार पाहणे. त्याच तारखांना, त्याच विभागातील, त्याच दर्जाच्या हॉटेलांचे जाहीर दर टिपून ठेवावयाचे आणि पहिली बोली त्यांच्या बरीच खाली, पण अगदीच हास्यास्पद ठरणार नाही अशी लावावयाची. दुसरी रीत पायऱ्यांची. समजा जाहीर दर १५० डॉलर आहे, तर ७० पासून आरंभ करून ७८, ८५ असे चढत जावयाचे आणि ९५ वर थांबावयाचे.

यात एक अडसर होता. बोली नामंजूर झाल्यावर तीच मागणी केवळ आकडा वाढवून लगेच करता येत नसे. त्यासाठी एक दिवस थांबावे लागे, अथवा विभाग, दर्जा किंवा तारीख यांपैकी काहीतरी बदलावे लागे. तिसरी आणि सर्वांत चतुर रीत या अडसरातूनच निघाली. प्रवाशाला सरोवराकाठच्या विभागात चार तारांकित खोली हवी आहे असे धरू. शहराच्या नकाशावर असे काही विभाग सापडत, की जेथे चार तारांकित हॉटेलच नसे. पहिली बोली नामंजूर झाली की असा एक ‘कोरा’ विभाग मागणीत जोडावयाचा आणि आकडा वाढवावयाचा. मागितलेल्या दर्जापेक्षा खालची खोली कंपनी देत नसे, त्यामुळे कोऱ्या विभागात जाऊन पडण्याची धास्ती नव्हती. असे तीन कोरे विभाग हाताशी असले की पहिली धरून चार बोली एकाच बैठकीत लावता येत. हा व्यवहार नियमांच्या चौकटीतलाच होता. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. आपल्याला काय हवे आणि किती द्यावयाचे हे प्रवासी खरेखुरे सांगत असे, हॉटेलही आपल्या राजीखुशीने दर मान्य करत असे.

काळाच्या ओघात ही बोली मागे पडली. प्राइसलाइनने विमानतिकिटांवरील बोली २०१६ मध्ये बंद केली, पुढे खोल्यांवरील बोलीही थांबली. झाकलेली विक्री मात्र आजही चालू आहे. प्राइसलाइनचे ‘एक्सप्रेस डील्स’ आणि हॉटवायर ही त्याच पद्धतीची रूपे होत. त्यांत दर, विभाग आणि तारे दिसतात, हॉटेलचे नाव पैसे भरल्यावरच कळते. आकडा लिहिण्याचे काम गेले असले तरी निर्णय तोच उरतो : नाव न पाहता आणि परतीची वाट न ठेवता किती रक्कम गुंतवावी?

येथे हिशेब शेवटपर्यंत मांडावा लागतो. खोलीच्या मूळ दरावर शिकागो शहरात १७ टक्क्यांहून अधिक कर लागतो, शिवाय कंपनीचे शुल्क असते. त्यामुळे ८५ डॉलरची खोली १०० डॉलरच्या पुढे सहज जाते. मुलाची मोटार बरोबर असेल तर शहराच्या मध्यभागी हॉटेलचे रात्रीचे पार्किंग ५० डॉलरच्या वर जाणे नवलाचे नाही. भारतातील कार्डाने पैसे भरल्यास बहुतेक बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लावतात. उलट उपनगरातील तीन तारांकित हॉटेल कागदावर दहा डॉलरने महाग दिसले, तरी तेथे बहुधा पार्किंग विनामूल्य असते आणि मंदिर जवळ पडते. ज्याने केवळ पहिला आकडा पाहिला त्याला सवलत मिळाली असे वाटते. सवलत खरोखर मिळाली की नाही हे शेवटचा आकडाच सांगतो.

श्रावक कुटुंबाच्या हिशेबात याहून मोठ्या बाबी आहेत आणि त्या पैशांत मोजता येत नाहीत. डिसेंबरात शिकागोचा सूर्य दुपारी साडेचारच्या आतच मावळतो. हॉटेलची खोली साधारणतः दुपारी तीनला ताब्यात मिळते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या वडीलधाऱ्यांना त्या दीड तासात पोहोचून, हात-पाय धुऊन भोजन उरकावे लागते. शुद्ध आहार स्वतः शिजवावयाचा तर खोलीत छोटे स्वयंपाकघर लागते आणि झाकलेल्या विक्रीत त्याची हमी नसते. अशा खोल्या सहसा दोन प्रौढांपुरत्याच धरल्या जातात. एक पलंग मिळेल की दोन, हेही निश्चित नसते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा परिवाराला एका खोलीच्या आशेवर जाता येत नाही. व्हिसा हाती नसताना, किंवा घरात कोणाची प्रकृती नाजूक असताना, परत न मिळणाऱ्या रकमेत उतरणे हा व्यवहार नव्हे, जुगार होय. म्हणून तपस्वी, वृद्ध आणि लहान मुले बरोबर असतील तर नाव दिसणारे, रद्द करता येणारे, स्वयंपाकाची सोय असलेले हॉटेल चार पैसे अधिक देऊन घ्यावे. तरुण दांपत्य दोन रात्रींसाठी शहर पाहावयास जात असेल, जेवण डेव्हन अव्हेन्यूवरील भारतीय उपाहारगृहांत होणार असेल, तर झाकलेली खोली त्यांना खुशाल घेऊ द्यावी.

या साऱ्या रीतींच्या मुळाशी एकच शिस्त आहे. पायऱ्या कितीही चतुराईने रचल्या, कोरे विभाग कितीही शोधले, तरी वरची मर्यादा बोलीपूर्वी कागदावर लिहिली नसेल तर ते सर्व व्यर्थ ठरते. नामंजुरीचा प्रत्येक संदेश मनाला आणखी पाच डॉलर चढवण्यास उद्युक्त करतो. सवलत मिळवण्याची ईर्ष्या खोलीच्या गरजेवर मात करते, आणि जाहीर दराच्या जवळपासची रक्कम रद्द न होणाऱ्या खोलीत गुंतून पडते. उलट, नको असलेली चार तारांकित खोली केवळ स्वस्त पडते म्हणून घेतली जाते, तेव्हाही गरज मागे आणि हव्यास पुढे असतो. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला इच्छापरिमाण असेही नाव आहे. इच्छेचे माप आधी ठरवावे, मग व्यवहारात उतरावे, हा त्याचा आशय. ते व्रत घेताना कोणाच्या मनात हॉटेलची खोली नसते, तरी तेथेही त्याचा अर्थ तोच राहतो. ज्याने कमाल रक्कम, सूर्यास्ताची वेळ आणि मंदिराचे अंतर या तीन गोष्टी आधी लिहून ठेवल्या, त्याला हॉटेलचे झाकलेले नाव फारसे फसवू शकत नाही. त्या मापात बसणारी खोली मिळाली तर घ्यावी, न मिळाली तर उघड दराने साधी खोली घेऊन सकाळी वेळेवर बार्टलेटला दर्शनास जावे.