कोथरूडमधील इवलेसे रेल्वेनगर

सांगली-साताऱ्याची व्यापारी कुटुंबे खरेदीसाठी पुण्यास वरचेवर जातात; परंतु कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावयाचे राहूनच जाते. पाश्चात्त्य देशांत असे रेल्वेनगर बहुधा छंदिष्टांची मंडळे मिळून उभारतात. येथे ते भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून साकारले आणि १९९८ मध्ये लोकांस खुले झाले. सिग्नल, पूल व दिव्यांच्या त्या नगरातून छोट्या गाड्या धावू लागल्या की नातवंडे हरखून जातात.

आजोबांना मात्र मिरज आठवते. ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज हे तिन्ही मार्ग एकेकाळी तेथे मिळत. आज केवळ ब्रॉडगेज उरला आहे. आजोबांनी ती हकिकत या रुळांपाशीच सांगावी. अन्यथा ती त्यांच्यासवेच लोपेल.