लोणारच्या खारातले दोन बंध

बुलढाणा

चि. सोनूस,


तू विचारलंस, "आत्या, विद्युतऋणतेतला फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक, खाली राहिला की सहसंयुज, एवढं पाठ केलं तर चालेल ना?" परीक्षेपुरतं चालेल. पण आपल्या जिल्ह्यात लोणार असताना तू एवढ्यावर थांबू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

त्या सरोवरातून पाणी वाहून जायला वाटच नाही. ते वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. पाणी आटलं की काठावर पांढरा खार धरतो. त्यात आपलं साधं मीठ असतं आणि सोडिअम कार्बोनेटही, पापडखाराच्या कुळातलं. आधी मीठ घे. सोडिअमची विद्युतऋणता ०.९३, क्लोरीनची ३.१६, फरक २.२३. इलेक्ट्रॉन जवळजवळ पुरता क्लोरीनकडे जातो. इथे नियम बिनचूक लागतो.

कार्बोनेटपाशी मात्र जरा थांब. सोडिअम आणि ऑक्सिजन यांच्यात फरक २.५१, म्हणजे बंध ठळक आयनिक. पण त्याच पदार्थात कार्बन (२.५५) आणि ऑक्सिजन (३.४४) यांच्यातला फरक अवघा ०.८९. ते इलेक्ट्रॉन वाटून घेतात, ऑक्सिजन थोडे जास्त आपल्याकडे ओढतो, इतकंच. म्हणून "सोडिअम कार्बोनेट आयनिक की सहसंयुज?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दोन अणूंमधला बंध, ते आधी विचारावं लागतं. आणि हे कागदावरचं नाही. हा खार पाण्यात विरघळला की सोडिअमचे आयन सुटे होतात, कार्बोनेट मात्र एकसंध राहतो. तो पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, त्यामागे मुख्यतः हेच आहे.

आता ज्या बेसॉल्ट खडकात लोणारचं विवर पडलं, त्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध बघ. सिलिकॉन १.९०, ऑक्सिजन ३.४४, फरक १.५४. नियमाने सहसंयुज. पण लायनस पॉलिंगचं सूत्र या बंधाला सुमारे ४५ टक्के आयनिक ठरवतं. पॉलिंगने १९३२ मध्ये बंधांच्या ऊर्जांवरून विद्युतऋणतेची ही मोजपट्टी तयार केली. दोन वेगळ्या अणूंमधला बंध अपेक्षेपेक्षा जितका बळकट, तितका त्यांच्या ओढीत फरक जास्त, असा त्याचा विचार होता. त्याच्या सूत्रात १.७ घातलं की उत्तर ५० टक्क्यांच्या जरासं वर येतं. तुमच्या पुस्तकातला १.७ आला तो इथून. म्हणजे ती कुंपणाची रेघ नाही, लांब उतारावरची मधली खूण आहे. मीठसुद्धा त्या हिशेबाने ७१ टक्केच आयनिक!

आणखी एक गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजन फरक १.२४ आहे आणि सोडिअम हायड्राइडमध्ये १.२७. आकडे जवळपास सारखे, पण पाणी सहसंयुज आणि सोडिअम हायड्राइड आयनांचा स्फटिक. कारण ओढाओढीत नुसता फरक बघून भागत नाही, दोघांची ताकद किती तेही बघावं लागतं. हायड्रोजनची पकड २.२० ची. ऑक्सिजनसमोरही तो आपला इलेक्ट्रॉन पुरता सोडत नाही. सोडिअमची पकडच मुळात ढिली, म्हणून तोच हायड्रोजन त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतो.

आता हायड्रोजन फ्लोराइडचं तू स्वतः बघ. फ्लोरीनची विद्युतऋणता ३.९८. फरक काढ, नियमाने काय ठरतं ते लिही, आणि मग हा पदार्थ १९.५ अंश सेल्सिअसलाच का उकळतो याचं कारण मला पत्राने कळव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या